तिच्या हातचं लोखंड

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना वाटत असतं, की आता आपण मोठाली यंत्रं चालवणार, पूल बांधणार, निदान एखादं बटण तरी दाबणार. आणि कॉलेज त्यांच्या हातात काय देतं, तर एक कानस आणि तळहाताएवढी लोखंडाची पट्टी. घासा म्हणतं. सरळ होईपर्यंत घासा.

त्या पट्टीला वर्कशॉपमध्ये जॉब म्हणायचे. जॉब दोघांत मिळून असायचा. एकाने आपल्या पट्टीत चौकोनी खाच पाडायची, दुसऱ्याने आपल्या पट्टीला त्या खाचेत नेमकी बसेल अशी जीभ काढायची. मग दोन्ही एकमेकांत बसवून खिडकीकडे धरायचं. मधून उजेडाची रेघ दिसली की मार्क गेले, आणि गेले ते दोघांचेही. फिटिंगचे सर म्हणायचे, संसाराचंही असंच असतं, पण ते तुम्हाला आत्तापासून कशाला सांगू.

जोड्या रोल नंबरप्रमाणे लागायच्या. हॉस्टेलच्या खोल्याही रोल नंबरप्रमाणेच. त्यामुळे आजीबाई आणि वावटळ या दोघी एकमेकींच्या वाट्याला आल्या त्या दोन्हीकडून आल्या. सुटका म्हणून नव्हती.

आजीबाई म्हणजे काही म्हातारी नव्हे. नुकती शाळेबाहेर पडलेली पोर. पण सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची, आंघोळ करून डोळे मिटून घटकाभर बसायची, चादरीची घडी कोपऱ्याला कोपरा लावून घालायची आणि जिन्यात कुणी धावलं की "सावकाश" म्हणायची. तिचं हे नाव वावटळीनेच ठेवलं होतं, आणि त्याची परतफेड म्हणून वावटळीचं नाव साऱ्या मजल्याने मिळून ठेवलं. ते तिला शोभायचंही. खोलीत शिरली की दार भिंतीवर आपटायचं. एक चप्पल पलंगाखाली, दुसरी टेबलाखाली. बोलायला लागली की त्याला शेंडा ना बुडखा. पहिल्या दिवशी सर पट्ट्या वाटत आले, तिची बडबड थोडा वेळ ऐकून घेतली आणि म्हणाले, जीभ हिच्याकडेच द्या, हिच्याकडे जास्तीची आहे. वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने वावटळ हसली.

ती डावरी होती. वर्कशॉपमध्ये सगळं उजव्या हाताच्या माणसांसाठी मांडलेलं. टेबलावर पक्के बसवलेले, पट्टी आवळून धरणारे व्हाइसचे जबडे, ते फिरवायचे दांडे, खिडकीचा उजेड, सगळंच. वावटळ व्हाइसच्या भलत्याच बाजूला जाऊन उभी राहायची. सर तिला इकडे आणायचे, ते पाठमोरे झाले की ती पुन्हा तिकडे. आजीबाईच्या पट्टीवर कानशीचे ओरखडे सगळे एका दिशेने जायचे, विंचरलेल्या केसांसारखे. वावटळीच्या पट्टीवर ते उलटे, तिरपे, आणि हाताचा दाब कधी इतका तर कधी तितका. त्यामुळे तिची जीभ मधे फुगायची आणि कडांना उतरायची.

"लोखंड घासतेस का त्याच्यावर राग काढतेस?" सर विचारायचे.

"सर, लाडानं घासतेय. त्यालाच कळत नाही."

आणि आजीबाईला म्हणायचे, कानस आहे ती, कंगवा नाही, इतकं कुरवाळू नकोस. कारण आजीबाईचं निराळंच होतं. दोन हात मारले की ती थांबायची आणि गुण्या लावून बघायची. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं लोखंडी हत्यार. तो पट्टीला टेकवायचा, डोळा बारीक करायचा, खालून उजेड येतोय का ते बघायचं, मग पुन्हा दोन हात. तिची खाच सगळ्या वर्गाच्या आधी झाली. तिच्यात चूक काढायला जागा नव्हती, आणि मार्क मात्र वावटळीच्या हातात होते.

सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला दोघींनी आपापल्या पट्ट्या एकमेकींत बसवल्या आणि खिडकीकडे धरल्या. जीभ अजून रुंद होती, ती अर्धीच शिरली आणि एका बाजूने नखाच्या आकाराचा उजेड आत आला. आजीबाई कधी कुणावर आवाज चढवायची नाही, त्या दिवशीही चढवला नाही. पण ज्या थंड आवाजात ती बोलली, तो चढलेल्यापेक्षा वाईट होता. म्हणाली, की मी इतकं जीव तोडून करायचं आणि तू हसण्यावारी न्यायचं, हे बरं आहे. परत आल्यावर तरी हात सरळ ठेव, नाहीतर मी सरांना सांगून जोडी बदलून घेते. वावटळीचा चेहरा जरासा उतरला. पण तिचा चेहरा फार वेळ उतरलेला राहायचाच नाही. तिने पट्टी खालच्या खणात टाकली, हात ॲप्रनला पुसले आणि म्हणाली, "आल्यावर तुझ्या मनासारखं करते, आजीबाई. आता हस की जरा."

आजीबाई हसली नाही. बॅग भरायची होती, गाडीची घाई होती.

सुट्टीत वावटळीला ताप आला. साधाच वाटला. घरचं औषध झालं, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना, आणि सुट्टी संपायच्या आत ती गेली. आजीबाईला कळलं ते वर्गाच्या ग्रुपवर. वावटळीचा दात दाखवणारा फोटो आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. आजीबाईने बराच वेळ तो फोटो उघडून ठेवला. स्क्रीन विझली की बोटाने पुन्हा उजळवायची. आईने येऊन फोन हातातून काढून घेतला, जवळ घेतलं, म्हणाली रडून घे. तिला रडूच येईना. सारखं एकच आठवत होतं, की ती हस म्हणाली होती.

परत आली तेव्हा शेजारच्या पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. वावटळीचे मामा मधेच येऊन तिची पेटी, कपडे, पुस्तकं घेऊन गेले होते. पलंगाखालून चप्पलसुद्धा नेली होती. खोलीचं दार आता वाऱ्यानेही आपटत नव्हतं. मेसमध्ये मुली आजीबाईला जागा करून द्यायच्या, तिच्यासमोर हळू बोलायच्या, आणि जिन्यात तिला बघून धावायच्या थांबायच्या. तेच तिला सोसवत नव्हतं.

वर्कशॉपमध्ये सरांनी तिला बाजूला बोलावलं. नेहमीची थट्टा आवाजात नव्हती. म्हणाले, शेवटच्या नंबरची मुलगी एकटीच आहे, तिच्याशी जोडी लावतो, तिला नवी पट्टी देतो. आजीबाई म्हणाली, आत्ता नको सर, थोडं थांबा. सर बरं म्हणाले. वावटळीच्या व्हाइसचा खण कुणी उघडला नव्हता, तिनेही उघडला नाही.

त्यानंतर एका दुपारी वॉर्डनबाईंनी तिला ऑफिसात बोलावून फोन हातात दिला. वावटळीची आई होती. आवाज अगदी बारीक, जपून बोलणारा, वावटळीशी कुठेच न जुळणारा. आधी तिने आजीबाईचीच चौकशी केली, जेवतेस ना, झोप लागते ना. मग म्हणाली, की सगळं सामान घरी आलं, पण तिच्या हातचं असं त्यात काही नाही. कपडे आहेत ते विकतचे, पुस्तकं छापलेली. शिवण नाही, चित्र नाही, पोरीने कधी एका जागी बसून काही केलंच नाही. फक्त फोनवर सारखी सांगायची, आई, मी लोखंडाचं काहीतरी करतेय.

"ते अजून तिथे असेल का गं? मिळालं असतं तर बरं झालं असतं."

आजीबाई म्हणाली, आहे काकू. मी देते. तुम्ही या.

फोन ठेवला आणि तशीच ती वर्कशॉपमध्ये गेली, खण उघडला. पट्टीवर तांबूस गंज धरला होता. कडा दातेरी, ओरखडे वेडेवाकडे, जीभ एका अंगाला कलंडलेली, वर आखणीसाठी फासलेल्या खडूचे डाग.  इतक्या लांबून ती माऊली येणार आणि तिच्या हातात हे द्यायचं? लेकराचं तोंडही न पुसता त्याला चारचौघांत आणून उभं करावं तसं वाटलं तिला. आणि मनाच्या आत कुठेतरी हेही होतं, की आल्यावर तुझ्या मनासारखं करते असं ती म्हणाली होती. ती येणार नव्हती. मग ते करायचं कोणी?

सरांची परवानगी काढून ती तास संपल्यावर वर्कशॉपमध्ये थांबायला लागली. पहिल्या दिवशी कानस हातात घेतली. मग लय सापडली. पुढे जाताना दाब, मागे येताना नुसतं टेकलेलं. लोखंडाचा बारीक चुरा टेबलावर जमायचा आणि ब्रशने खाली जायचा. कित्येक दिवसांनी तिला त्या वेळापुरतं बरं वाटायचं. ओठ आपोआप हलायचे, सकाळी डोळे मिटून बसल्यावर जे नाव घ्यायची तेच नाव प्रत्येक हाताबरोबर यायचं. आधी गंज गेला, मग फुगवटा. मग कानस बदलून बारीक दातांची घेतली. मग ती आडवी धरून ओढली, तेव्हा पृष्ठभागावर रेशमासारखी सरळ झाक आली. शेवटी पॉलिश पेपर, आणि तेलाचा बोळा. गुण्या लावला. खालून काही दिसलं नाही.

जीभ खाचेत बसवली ती अशी गेली, की बोटाने सांधा लागेना. खिडकीकडे धरली. सगळीकडे नुसतं काळं.

सर मागे येऊन उभे होते. त्यांनी जॉब हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. बसलीय छान, म्हणाले. मग विचारलं, ही तिचीच पट्टी ना? आजीबाई हो म्हणाली. सरांनी आणखी काही बोलायला तोंड उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जॉब परत तिच्या हातात ठेवला.

वावटळीची आई आली ती एकटीच. लहानखुरी बाई, खांद्याला कापडी पिशवी, केस घट्ट बांधलेले. गेटपाशी आजीबाई दिसताच थांबली.

"तूच ना गं आजीबाई? मला वाटलं होतं, चष्मा असेल."

एवढं बोलून तिलाच हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. आजीबाई खाली वाकायला गेली, तर तिने मधेच धरून छातीशी घेतलं. मग दोघी वर्कशॉपमध्ये आल्या. तास नव्हता. सर आपल्या काचेच्या खोलीत होते, त्यांनी उठून दुरूनच हात जोडले आणि पुन्हा खाली बसले.

आजीबाईने जॉब आधीच एका स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवला होता. तिने फडकं उघडलं, जीभ खाचेतून वेगळी केली आणि ती पट्टी दोन्ही हातांवर ठेवून पुढे केली. खिडकीतला उजेड तिच्यावर पडला आणि लोखंड पाण्यासारखं चमकलं.

आई बघतच राहिली. तिने लगेच हात लावला नाही, आधी पदराला हात पुसले. मग पट्टी घेतली, गालाशी नेली, थंड आहे म्हणाली. अंगठा एका कडेवरून दुसऱ्या कडेपर्यंत नेला, पुन्हा मागे आणला. किती गुळगुळीत, म्हणाली. हिला साधी चादर सरळ घालता यायची नाही, आणि हे हिनं केलं?

"तिनं सुरू केलं होतं, काकू. थोडं राहिलं होतं. ते मी पुरं केलं."

"हो का? बरं केलंस, बाळा." आईने पट्टी उजेडात धरली. "मग यातलं तिचं कुठलं? बोट ठेवून दाखव मला."

आजीबाईने बोट पुढे केलं आणि ते हवेतच राहिलं.

ही कड? ती खाली घेतली होती. हा पृष्ठभाग? त्याच्यावर वावटळीचे तिरपे ओरखडे होते, ते सगळ्यांत आधी घासले. कोपरा? तो दातेरी होता म्हणून काटकोनात आणला. ती पट्टी फिरवत गेली, एक बाजू, दुसरी, खालची, आतली. जिथे जिथे वावटळीची कानस गेली होती, तिथे तिथे नंतर तिची गेली होती, आणि खोल गेली होती. वावटळीने घासलेलं लोखंड आता या पट्टीवर नव्हतंच. ते चुरा होऊन टेबलावर पडलं होतं, आणि रोज संध्याकाळी तिने ते आपल्या हाताने झाडून टाकलं होतं.

कुठल्याही कडेवर बोट ठेवलं असतं तरी चाललं असतं. समोरच्या बाईला काय कळणार होतं? ती बाई तर त्या कडेवरून अंगठा फिरवत जन्म काढायला तयार होती. आजीबाईने मनातल्या मनात देवाला हाक मारली. पण त्याने सांगितलं ते तिला ठाऊकच होतं.

"काकू, यात तिचं काही राहिलं नाही."

आईला समजलं नाही. आजीबाईने सांगितलं. की ती डावरी, तिचे ओरखडे उलटे पडायचे, पट्टी वाकडी झाली होती, गंजली होती. तुम्हाला तशी द्यायला लाज वाटली. म्हणून सरळ केली. आणि सरळ करताना सगळं घासून गेलं. मला कळलंच नाही, काकू. मला वाटलं, मी तिचं काम करतेय. आता तिला रडू आलं, सुट्टीत न आलेलं, इतक्या दिवसांचं. हुंदके देत तिने सांगून टाकलं.

आई ऐकत उभी होती. रागावली असती तर आजीबाईला सोसलं असतं. तिने पट्टीकडे पाहिलं, आजीबाईच्या काळवंडलेल्या, घट्टे पडलेल्या बोटांकडे पाहिलं.

"चांगलंच केलंस गं तू," ती म्हणाली. "खरंच चांगलं केलंस. पण मला ते वाकडं हवं होतं."

आणि तिने ती पट्टी फडक्यावर ठेवली. हळू ठेवली, आवाज न करता. पिशवीत टाकली नाही.

 बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं, तिची चाकं कुरकुरत लांब गेली. मग आईने विचारलं, ती उभी कुठे राहायची? आजीबाईने तिला व्हाइसच्या त्या भलत्या बाजूला नेलं. आई तिथे उभी राहिली. दांड्यावर हात ठेवला. तिथून खिडकी डोळ्यांवर येत होती, तिने डोळे बारीक केले.

"कशी करायची, ते सांग मला."

आजीबाईने नाक पुसलं आणि सांगायला लागली. सर कसे तिला इकडून तिकडे न्यायचे आणि ती पुन्हा कशी यायची. घासताना गाणं म्हणायची, तेही अर्धंच, पुढचं येत नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून. एकदा हातोडी बोटावर मारून घेतली आणि रडायच्या ऐवजी हातोडीलाच शिव्या दिल्या. लोखंड लाडानं घासतेय म्हणाली सरांना. आई एकेक गोष्ट घेत होती, मान हलवत होती. मधेच म्हणाली, घरी दार कधी हळू लावलं नाही तिनं, वरच्या शेजारणीची रोज तक्रार. आता ती शेजारीण विचारते, दार का वाजत नाही. हे सांगताना तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"आणखी?"

आजीबाईने आणखी सांगितलं. खोलीतलं, मेसमधलं, परीक्षेच्या सकाळी पेन शोधत सगळा मजला जागा केला ते.

"आणखी?"

आता फार उरलं नव्हतं. ओळख कितीशी जुनी? पावसाळ्यानंतर भेटल्या आणि थंडी सरायच्या आत संपली. एक गोष्ट उरली होती, ती सांगायची की नाही याचा तिने विचार केला. मग तीही सांगितली. शेवटच्या दिवशी मी तिला बोलले, काकू. तू सगळं हसण्यावारी नेतेस म्हणाले. जोडी बदलून घेईन म्हणाले. ती हस म्हणाली आणि मी हसले नाही.

आईने दांड्यावरचा हात काढला नाही.

"मला म्हणाली होती ती," आई म्हणाली. "घरी आल्या आल्या म्हणाली, आई, आजीबाई रागावलीय माझ्यावर, जाताना तिच्यासाठी काहीतरी घेऊन जायचंय. मग ताप आला." तिने आजीबाईच्या डोक्यावर हात ठेवला, केसांवरून खाली आणला. "आणखी?"

"आणखी नाही, काकू. एवढंच आहे."

बसपर्यंत आजीबाई सोडायला गेली. खिडकीतून आईने हात बाहेर काढून तिचा हात धरला, जेवत जा म्हणाली, आणि गाडी निघेपर्यंत सोडला नाही. मांडीवरची पिशवी तशीच सपाट होती, येताना होती तशी.

जॉब जमा करायच्या दिवशी सर टेबलापाशी हातोडी आणि आकड्यांचे पोलादी ठसे घेऊन बसले. ज्याने जी पट्टी केली, तिच्यावर त्याचा नंबर ठोकायचा, अशी तिथली पद्धत. एकेक जोडी पुढे येत होती. आजीबाईची पाळी आली. सरांनी दोन्ही पट्ट्या खिडकीकडे धरून पाहिल्या, काही दिसलं नाही, पूर्ण मार्क म्हणाले. खाचेच्या पट्टीवर तिचा नंबर ठोकला. मग जिभेची पट्टी पुढे ओढली आणि न विचारताच वावटळीच्या नंबरचा ठसा उचलला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, बरं झालं, तिचं नाव राहील.

"सर, तो नको," आजीबाई म्हणाली. "ही पट्टी माझी आहे. माझाच ठोका."

सरांनी वर पाहिलं. "दोन्हींवर?"

"दोन्हींवर."

सरांनी हातातला ठसा डब्यात परत ठेवला, तिचा उचलून पट्टीवर उभा धरला आणि हातोडी मारली. आजीबाईने पट्ट्या उचलून टेबलावर इतरांच्या रांगेत ठेवल्या आणि मागच्या जोडीला जागा करून दिली.